क्लिक येताहेत, ऑर्डर दिसत नाहीत: ॲफिलिएट कन्व्हर्जन घसरलं की काय तपासायचं

"दोन महिन्यांपूर्वी शंभर क्लिकमागे चार-पाच ऑर्डर यायच्या, आता दोनसुद्धा येत नाहीत. लेख तेच, लिंका त्याच, वाचक उलट वाढलेत." घरगुती उपकरणं, मोबाइल, पुस्तकं, शेतीची अवजारं अशा विषयांवर मराठीत लिहिणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या आणि त्यात दुकानाच्या ॲफिलिएट लिंका देणाऱ्यांकडून (त्या लिंकवरून वाचकाने खरेदी केली की लिंक देणाऱ्याला कमिशन मिळतं) ही तक्रार वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. तक्रार करणारे हुशार असतात, मेहनती असतात, आणि घाबरून पहिल्याच दिवशी नको ते करून बसतात. लेख बदलतात, बटणं मोठी करतात, "आजच घ्या" असं चार ठिकाणी लिहितात, दुसऱ्याच कंपनीच्या लिंका घालतात. मग आठवड्याने आकडा वर गेला काय किंवा आणखी खाली आला काय, कशामुळे ते कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून आधी लेखाला हात लावू नका. कन्व्हर्जन म्हणजे भागाकार: वर ऑर्डर, खाली क्लिक. टक्का पडला तर वरचा आकडा आटला की खालचा फुगला, हे पाहायचं. वरचा आटला असेल तर लोकांनी खरेदीच केली नाही, की केली पण ती तुमच्या नावावर लागली नाही, हे पाहायचं. माझ्या अनुभवात खरेदीच थांबली असं फार कमी वेळा निघतं. बहुतेकदा ऑर्डर नोंदवलीच गेलेली नसते किंवा वाचकवर्ग बदललेला असतो. खालचा क्रम त्यामुळेच ठरवलाय: पटकन तपासता येतं ते आधी.

लिंकमध्ये तुमचा टॅग आहे का

याला पाच मिनिटं लागतात. तुमच्या लेखातली लिंक शक्यतो संगणकावर, खासगी विंडोत उघडा. दुकानाचं पान पूर्ण उघडल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत तुमचा टॅग, म्हणजे ऑर्डर तुमच्या नावावर लावणारी खूण, पोचलाय का ते पाहा. ॲमेझॉन इंडियाचा टॅग -२१ ने संपतो, अमेरिकेतल्या दुकानाचा -२० ने. टॅगच नसेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही, दुखणं सापडलं.

टॅग गळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुकानाच्या ॲपमधलं 'शेअर'चं बटण. त्यातून निघणारी छोटी लिंक दिसायला अगदी तुमच्या ॲफिलिएट लिंकसारखीच असते, पण तिच्यात तुमचा टॅग नसतो. चॅनेल तुम्ही सांभाळता, पण टेलिग्रामवर रोजच्या ऑफर टाकायचं काम भावाकडे किंवा मदतनीसाकडे असतं; तो घाईत ॲपमधूनच लिंक उचलतो. क्लिक पडतात, ऑर्डरही होतात, तुमच्या खात्यात शून्य. लिंक बदलून देणारा फुकटचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यातून बाहेर पडलेली लिंकही उघडून टॅग तुमचाच आहे ना याची खात्री करा.

जुने लेख असतील तर चित्रं पाहा. ॲमेझॉनने २०२३ च्या अखेरीस साइटस्ट्राइपमधून (ॲमेझॉनच्या पानावर वर दिसणारी, ॲफिलिएट लिंक बनवून देणारी पट्टी) चित्राच्या लिंका देणं बंद केलं. त्याआधीच्या लेखांत वस्तूच्या फोटोच्या जागी आता रिकामी चौकट दिसत असेल, तर वाचक नेमका जिथे बोट ठेवायचा ती जागाच गेलेली आहे.

आणि खातं चालू आहे ना? ॲमेझॉनच्या कार्यक्रमात नव्या खात्यावर पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद केलं जातं. लिंक मात्र दुकानाकडे जातच राहते, त्यामुळे बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. नोंदणीच्या ईमेलचा डबा आपण रोज बघत नाही, तिथे ती सूचना पडून राहते.

एक कळकळीची विनंती. लिंक चालते का पाहायला स्वतः ऑर्डर करू नका, घरच्यांकडून करवून घेऊ नका. अशा ऑर्डरवर कमिशन मिळत नाही आणि नियमभंग धरून खातं बंद होऊ शकतं. टॅग पत्त्यात दिसला आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये क्लिक दिसला, एवढी तपासणी पुरते.

ॲपच्या आतलं ब्राउझर

टॅग ठीक असूनही ऑर्डर येत नसतील, आणि तुमचे वाचक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून येत असतील, तर मी सर्वात आधी इथे बोट ठेवेन.

इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की पान फोनच्या क्रोममध्ये उघडत नाही, इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे वाचक दुकानात लॉगिन केलेला नसतो. पत्ता नाही, कार्ड नाही, जुन्या ऑर्डर नाहीत. समोर येतो मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारा फलक. नाशिकमधली एखादी गृहिणी काय करते? ते पान बंद करते, दुकानाचं ॲप उघडते, मिक्सरचं नाव शोधते आणि तिथून मागवते. तिला मिक्सर मिळाला, दुकानाला गिऱ्हाईक मिळालं. तुमचा क्लिक मोजला गेला, ऑर्डर मात्र कुणाच्याच नावावर नाही. कारण टॅगची नोंद त्या आतल्या ब्राउझरमध्ये राहिली आणि खरेदी ॲपमध्ये झाली.

हे ओळखायचं कसं? एकाच लेखासाठी दोन वेगळे ट्रॅकिंग आयडी, म्हणजे दोन वेगळे टॅग, करा, एक फक्त इन्स्टाग्रामसाठी, एक गुगलवरून येणाऱ्यांसाठी. दोन आठवडे थांबा. गुगलचा टक्का नेहमीसारखा आणि इन्स्टाग्रामचा जवळजवळ शून्य, असं असेल तर आतल्या ब्राउझरवर संशय घ्यायला जागा आहे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत, हे आधीच सांगतो. एक, अशी लिंक वापरणं जी थेट दुकानाचं ॲप उघडते. अनेक ॲफिलिएट नेटवर्क (बऱ्याच दुकानांचे ॲफिलिएट कार्यक्रम एकत्र चालवणाऱ्या कंपन्या) अशा लिंका बनवून देतात, पण फोन आणि ॲपच्या आवृत्तीप्रमाणे त्या कधी चालतात, कधी नाहीत. आपल्या फोनवर चालली म्हणजे सगळ्यांच्या फोनवर चालेल असं धरू नका. दोन, रीलमधून थेट दुकानाकडे पाठवण्याऐवजी तुमच्या लेखाकडे पाठवा आणि लेखाच्या वर एक ओळ लिहा: "वरच्या तीन टिंबांवर जाऊन हे पान ब्राउझरमध्ये उघडा, म्हणजे पुन्हा लॉगिन करावं लागणार नाही." सगळे करणार नाहीत. पण ज्यांना खरंच वस्तू घ्यायची आहे त्यांची ती सोयच आहे, त्यामुळे नेमके तेच करतात.

यूट्यूबवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि शॉर्ट्सखालच्या कॉमेंटमधल्या लिंका दाबता येत नाहीत. तरी आजही कितीतरी मराठी शॉर्ट्सखाली "लिंक डिस्क्रिप्शनमध्ये" असं सांगितलेलं असतं. शॉर्ट्समधून 'संबंधित व्हिडिओ' म्हणून तुमचा मोठा व्हिडिओ जोडा आणि लिंक त्याच्या वर्णनात ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्राबरोबर स्वतःचा ॲफिलिएट कार्यक्रम आणला. त्यात वस्तू व्हिडिओवरच टॅग करता येते, तुमचं चॅनेल त्यात बसत असेल तर पाहा.

खालचा आकडा फुगला असेल तर

क्लिक मोजणारी यंत्रं एकसारखी मोजत नाहीत. लिंक छोटी करणाऱ्या सेवेत पाचशे क्लिक, गुगल ॲनालिटिक्समध्ये तीनशे, ॲमेझॉनच्या रिपोर्टमध्ये दोनशे ऐंशी, हे रोजचं आहे. टेलिग्राम आणि फेसबुक लिंकचं चित्र दाखवण्यासाठी स्वतःचा बॉट त्या पत्त्यावर पाठवतात, त्याचीही गणती कुठे कुठे क्लिक म्हणून होते. म्हणून टक्का काढताना ऑर्डर एका ठिकाणच्या आणि क्लिक दुसऱ्या ठिकाणचे असं करू नका. मागच्या महिन्यात ॲमेझॉनचे क्लिक धरले आणि या महिन्यात छोट्या लिंकचे, तर कन्व्हर्जन पडलेलं दिसणारच.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर बहुतेकांची झोप उडते. उदाहरणासाठी सोपे आकडे घेतो. तुमच्याकडे गुगलवरून हजार क्लिक आले, त्यातल्या सहा टक्क्यांनी खरेदी केली, म्हणजे ६० ऑर्डर. रीलवरून हजार क्लिक, एक टक्का खरेदी, १० ऑर्डर. एकूण २००० क्लिक, ७० ऑर्डर, कन्व्हर्जन साडेतीन टक्के.

पुढच्या महिन्यात एक रील जोरात चाललं. रीलवरून ४२०० क्लिक आले, गुगलवरून ८००. दोन्हीकडचा खरेदीचा टक्का अगदी तोच राहिला: गुगलचे सहा टक्के म्हणजे ४८ ऑर्डर, रीलचा एक टक्का म्हणजे ४२. एकूण ५००० क्लिक, ९० ऑर्डर. कन्व्हर्जन १.८ टक्के!

टक्का निम्म्यावर आला, पण ऑर्डर ७० वरून ९० झाल्या. एकाही वाचकाचं वागणं बदललेलं नाही, फक्त कुठून किती आले हे बदललं. आणि या आकड्यांत एक खरी काळजीची गोष्ट आहे, ती एकूण टक्क्यात दिसतच नाही: गुगलवरचे क्लिक हजारावरून आठशेवर आले. लक्ष तिथे द्यायला हवं होतं, आणि आपण बसलो होतो बटणाचा रंग बदलत.

म्हणून ट्रॅकिंग आयडी स्रोतानुसार वेगळे ठेवा. गुगल, यूट्यूब, टेलिग्राम, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चॅनेल, प्रत्येकाला एक. ॲमेझॉनवर एकाच खात्यात असे अनेक आयडी करता येतात. नेटवर्कच्या लिंका असतील तर तिथे सबआयडी नावाची सोय असते, तिचं काम हेच. एवढं एकच काम आज केलंत तरी पुढच्या वेळी हा प्रश्न पडला की उत्तर अर्ध्या तासात मिळेल. मागच्या महिन्यांची विभागणी मात्र आता करता येणार नाही, त्यामुळे चालढकल नको.

याची उलट बाजूही होते, आणि ती फसवी आहे. गुगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर इंग्रजी आणि हिंदीत दाखवायला सुरुवात केली. "घरघंटीला वीज किती लागते" अशा प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं की तो माणूस तुमच्या लेखापर्यंत येत नाही. येतात ते दोन मॉडेलमध्ये अडकलेले, घ्यायचं जवळपास ठरवलेले. त्यामुळे क्लिक कमी होतात आणि टक्का वाढतो. वाढलेला टक्का पाहून निश्चिंत होऊ नका. आज माहिती वाचायला येणारा वाचकच सहा महिन्यांनी विकत घ्यायला परत येतो, आणि तो येणं थांबलंय.

पंचांग उघडा

इंग्रजी महिन्यांची तुलना करून मराठी गिऱ्हाइकाचं वागणं समजत नाही. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण परदेशी सल्ल्यांमध्ये हे कधीच येत नाही.

पितृपक्षात आपल्याकडे अनेक घरांत नवी वस्तू घेत नाहीत. वाचतात, किमती पाहतात, घरात चर्चा करतात, आणि घटस्थापनेपर्यंत थांबतात. ऑनलाइन दुकानांचे मोठे सेलही त्याच सुमारास येतात, म्हणजे थांबायला दोन कारणं. क्लिक भरपूर आणि ऑर्डर नाहीत, अशी तक्रार नेमकी तेव्हा येते यात नवल नाही.

पण हा काळ दर वर्षी सरकतो. घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरचा शेवट पितृपक्षात गेला आणि २०२५ च्या सप्टेंबरचा शेवट नवरात्रात. दोन सप्टेंबर शेजारी ठेवून "या वर्षी कन्व्हर्जन वाढलं, माझे नवे लेख चालले" असं म्हणणं चुकीचं ठरेल. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे घटस्थापना पुन्हा ११ ऑक्टोबरला जाते. त्या सप्टेंबरचे आकडे आदल्या वर्षीपेक्षा कमी दिसले तर लगेच घाबरू नका. घटस्थापनेच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे वीस दिवस, असे तुकडे करून मागच्या वर्षीच्या त्याच तुकड्यांशी ताडून पाहा. गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि धनत्रयोदशीलाही हेच लागू.

२०२५ ला आणखी एक कारण जोडलं गेलं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, सप्टेंबरच्या सुरुवातीला दर ठरले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, ते लागू झाले. एसी, डिशवॉशर आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मधल्या पाच आठवड्यांत टीव्ही घेणारा माणूस थांबणारच. त्या काळातले आकडे तुमच्या सरासरीत असतील तर ते वेगळे काढून मगच पुढच्या वर्षाचा अंदाज बांधा.

थांबलेल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, यालाही उत्तर आहे. ॲमेझॉनवर क्लिकनंतर साधारण २४ तास तुमचा हक्क राहतो. पण त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली, तर पुढे ८९ दिवसांपर्यंत त्या कार्टमधून झालेली खरेदी धरली जाते. म्हणून सेलच्या आधी "आत्ता घ्या" असा धोशा लावण्यापेक्षा प्रामाणिकपणे लिहा: "घाई नसेल तर सेलपर्यंत थांबा, वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवा, म्हणजे किंमत उतरली की कळेल." वाचकाचे पैसे वाचतात, तुमची नोंद टिकते.

शेवटचा क्लिक दुसऱ्याचा

बहुतेक कार्यक्रमांत कमिशन शेवटच्या क्लिकला मिळतं. वाचक तुमचा दोन हजार शब्दांचा लेख वाचतो, मॉडेल ठरवतो, मग पन्नास रुपये सुटतील म्हणून कॅशबॅक ॲपमधून दुकानात जातो. ऑर्डर ॲपच्या नावावर. त्याला दोष देता येत नाही, त्याचे पन्नास रुपये खरे आहेत. ब्राउझरमधली कूपन एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे, कूपन शोधून देणारे छोटे प्रोग्रॅम) याहून पुढे जातात. डिसेंबर २०२४ मध्ये हनी या पेपालच्या एक्स्टेन्शनवर एका यूट्यूबरने आरोप केला की ते पैसे भरायच्या पानावर निर्मात्यांच्या जागी स्वतःची नोंद घालतं. त्यावरून अमेरिकेत खटले दाखल झाले, आणि मार्च २०२५ मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी ॲफिलिएट लिंकचे नियम कडक केले. आपल्या वाचकांत संगणकावर खरेदी करणारे कमी, त्यामुळे एक्स्टेन्शनपेक्षा कॅशबॅक ॲपचा फटका मोठा. बँकेच्या कार्डवरची सूट आणि दुकानाची स्वतःची कूपनं तुमच्या लेखातच ताजी ठेवणं, एवढंच आपल्या हातात आहे.

आयफोन आणि कुकीची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) भीती मात्र मराठी वाचकवर्गासाठी अवाजवी आहे. आयफोनमधल्या सफारी ब्राउझरने २०२० पासून परक्या, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नसलेल्या, कुकी पूर्ण बंद केल्या हे खरं. क्रोममधून त्या काढायचा बेत गुगलने जुलै २०२४ मध्ये सोडला. आपला बहुतांश वाचक अँड्रॉइडवर आहे, आणि ॲमेझॉनच्या थेट लिंकमध्ये टॅग दुकानाच्या स्वतःच्या पानावरच पोचतो, तिथे परक्या कुकीचा प्रश्न येत नाही. अमेरिकेतले किंवा लंडनमधले मराठी वाचक जास्त असतील तरच इकडे वेळ घाला. त्यांच्यासाठी आणखी साधी गोष्ट आधी तपासा: तुमची लिंक भारतातल्या दुकानाची आहे, आणि त्यांना वस्तू तिथल्या घरी हवी आहे. पुण्यातल्या आईवडिलांसाठी घेत असतील तर गोष्ट वेगळी.

अवजड वस्तूंवर लिहीत असाल तर दोन-चार गावांचे पिनकोड टाकून पाहा. घरघंटी, पाण्याची मोटर, कपाट अशा वस्तू पुण्या-मुंबईत मिळतात आणि गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या पिनकोडवर "उपलब्ध नाही" असं येतं. लेख गावांत पोचू लागला की क्लिक वाढतात आणि ऑर्डर जागच्या जागी राहतात. शक्यतो सगळीकडे पोचणारं दुसरं मॉडेल त्याच लेखात द्या.

नोंदलेली ऑर्डर नंतर गायब

ऑर्डर आधी दिसली आणि मग उडाली, तर ते वेगळं दुखणं. ॲमेझॉनवर कमिशन वस्तू पाठवल्यावर धरलं जातं आणि परत आली की वजा होतं. नेटवर्कवर ऑर्डर 'पेंडिंग' राहते आणि परतीची मुदत संपेपर्यंत, अनेकदा एक ते तीन महिने, पक्की होत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी जास्त असलेल्या कपडे आणि पादत्राणांत दारातूनच परत जाणाऱ्या वस्तू खूप असतात. रद्द होण्याचं प्रमाण दुकाननिहाय लिहून ठेवा. एकाच दुकानाच्या ऑर्डर अचानक जास्त रद्द होऊ लागल्या, बाकीच्यांच्या नाहीत, तर तुमचा वाचक बदललेला नाही. त्या दुकानाची मोजणी तुटली असण्याची शक्यता जास्त आहे. दुकान नवी वेबसाइट किंवा नवं पैसे भरायचं पान आणतं तेव्हा ऑर्डर पूर्ण झाल्याची खूण नेटवर्ककडे जायची थांबते, असं होतं.

तेव्हा नेटवर्कच्या मदत विभागाला लिहा, पण "कन्व्हर्जन कमी झालंय" एवढंच लिहू नका, उत्तर येणार नाही. कोणत्या तारखेपासून, कोणत्या दुकानाचं, कोणत्या सबआयडीवर, आधीच्या चार आठवड्यांत किती क्लिकमागे किती ऑर्डर आणि त्यानंतर किती, हे लिहा. एखाद्या वाचकाने स्वखुशीने सांगितलं असेल की मी तुमच्या लिंकवरून घेतलं, तर त्याच्या परवानगीने ऑर्डर क्रमांक, तारीख आणि अंदाजे वेळ जोडा. 'मिसिंग ट्रान्झॅक्शन' म्हणून दावा लावायची सोय बऱ्याच नेटवर्कवर असते आणि तिला मुदत असते, त्यामुळे महिनाअखेरीची वाट न पाहता त्याच आठवड्यात लावा. उत्तर येईपर्यंत त्या दुकानाच्या लिंका नव्या लेखांत घालू नका; जुन्या मात्र तशाच राहू द्या, म्हणजे दुरुस्ती झाल्याचं त्याच आकड्यांवरून कळेल.